पुणे ते सासवड : एक दिवस वारीचा

सुरुवातीलाच कबूल करतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. वारी म्हणजे बंद रस्ते आणि पेपरातले फोटो, एवढीच माझी समजूत! गेल्या वर्षी रूममेट म्हणाला, ‘‘एक दिवस चल, आमचे काका दिंडीत आहेत.’’ गेलो. त्याने निवडलेला दिवस नेमका खूप लांबच्या चालीचा निघाला.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडकडे निघते ती साधारणपणे एकादशीला. अंतर 30 किलोमीटरच्या वर, त्यात दिवेघाटाची चढण, आणि बहुतेक वारकऱ्यांना उपवास! हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते, माउलींची सासवडच्या रस्त्याला लागते.

लांबून सगळी नुसती गर्दी दिसते. आत शिरल्यावर कळतं, की ही गर्दी नाही, रांग आहे. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येकीचा नंबर ठरलेला. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकरी, मधे मृदंग, वीणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. सामानाचा ट्रक आधीच पुढच्या मुक्कामी गेलेला असतो. सोहळ्याला ही शिस्त लावली एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते मूळचे शिंदे सरकारच्या पदरी होते.

सकाळी काकांनी बॉलपेनने माझ्या तळहातावर दिंडीचा नंबर लिहिला. मला हसूच आलं. खिशात मोबाइल असताना हे कशाला?

वडकीला, घाटाच्या पायथ्याशी, पायाला आलेला फोड बघायला मी पाच मिनिटं थांबलो. मान वर केली तर आमची दिंडी गायब! मोबाइलला नेटवर्क नाही. उपवासाने डोकं हलकं झालेलं, चारी बाजूंना माणसंच माणसं. खरं सांगतो, घाबरलो. एका आजींनी विचारलं, ‘‘माउली, दिंडी कितवी?’’ मी तळहात पुढे केला. त्यांनी शेजारच्या बुवांना वाचायला लावलं आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या पुढं अकरावी. पळू नको, कडंकडंनं मोजत जा.’’

मोजत गेलो. अकरावी आमचीच होती! आमच्या भाषेत सांगायचं तर ही लिंक्ड लिस्ट आहे. कोणाकडेच पूर्ण नकाशा नाही, पण आपल्या पुढे-मागे कोण हे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि तेवढं पुरतं.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. वर पोचल्यावर पुरंदरची शेतं सुरू होतात. अंजीर-सीताफळाच्या बागा, आणि त्यांच्यामधे नांगरून पावसाची वाट बघणारी कोरडी रानं. काका त्या रानांकडेच बघत चालले होते. ते परभणीकडचे. पेरणी राहिली होती, बियाणं उधारीवर आणून घरात ठेवलेलं. मी विचारलं, ‘‘मग आलात कसे?’’

‘‘पाऊस पडला की पोरगं पेरील. नाही पडला तर मी घरी बसून काय पेरणार?’’

यावर मला काही बोलता आलं नाही.

सासवडला, सोपानदेवांच्या समाधीच्या गावी, रात्री समाजआरती झाली. चोपदाराने चोप उंचावला आणि इतका मोठा जमाव एकदम शांत! फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल. काका म्हणाले, ‘‘नाही, त्यांची तक्रार आहे.’’ चोपदार तिथे गेले, ऐकून घेतलं, तेव्हा टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली. आमच्या मेसच्या तक्रारवहीपेक्षा ही पद्धत नक्कीच बरी!

पुढच्या वर्षी कोणाला जायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नवे बूट घालू नका, आणि दिंडीचा नंबर पाठ करा. काकांचा फोन दहा दिवसांनी आला. पाऊस झाला होता, पोराने पेरलं होतं. काका मात्र अजून चालतच होते.