कडेचा गडी

खेळ हा करमणुकीचा विषय आहे, पोटाचा नव्हे, अशी आपल्या वडील मंडळींची फार दिवसांची समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार आहे असें कोणी म्हणूं नये. ज्या घरीं भाताच्या खाचरावर वर्षाचें गणित बसवावें लागतें, त्या घरचा मुलगा सांजवेळीं चेंडूमागें धांवतांना दिसला, तर बापाच्या मनांत पहिला विचार येतो तो पुस्तकाचा, आणि दुसरा येतो तो गुरांचा. उलटपक्षीं मुलाच्या मनांत निराळेंच चित्र असतें. परदेशच्या खेळाडूंचे कोट्यवधि रुपयांचे करार त्याच्या कानीं पडतात, आणि आपल्या पायांतही तेंच भाग्य दडलेलें आहे असें त्यास वाटूं लागतें. बाप म्हणतो, 'खेळून कोणाचें पोट भरलें आहे?' मुलगा म्हणतो, 'भरलें आहे, हीं पाहा नांवें.' या वादाचा निकाल एका वाक्यानें लागणारा नाहीं. म्हणून आमच्याच प्रांतांतील एका मुलाची खरी हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो मुलगा म्हणजे कोल्हापूरचा अनिकेत जाधव, आणि फुटबॉलच्या संघांतील त्याची जागा म्हणजे कडेच्या गड्याची, म्हणजे ज्यास सर्वत्र 'विंगर' म्हणतात त्याची.

प्रथम ही जागा म्हणजे काय, तें पाहूं. आंतरराष्ट्रीय सामन्याचें मैदान शंभर ते एकशेंदहा मीटर लांब व चौसष्ट ते पंचाहत्तर मीटर रुंद असतें. प्रत्येक संघाचे अकरा गडी असतात आणि खेळ नव्वद मिनिटें चालतो. दोन्ही बाजूंचे गोल मैदानाच्या मधोमध असल्यामुळें गर्दी स्वाभाविकच मध्यभागीं होते. अशा वेळीं ज्याला वाट मोकळी सांपडते तो कडेच्या रेघेजवळचा गडी होय. जुन्या पद्धतींत पांच गडी चढाईसाठीं पुढें असत. त्यांपैकीं उजव्या टोकाच्या गड्याच्या पाठीवर सातचा आंकडा व डाव्या टोकाच्या गड्याच्या पाठीवर अकराचा आंकडा असे. पद्धति बदलल्या, तरी हे दोन आंकडे अद्याप कडेच्या गड्यांच्या आवडीचेच राहिले आहेत.

त्याचें काम ऐकावयास सोपें वाटतें. चेंडू घेऊन रेघेच्या कडेनें धांवावें, समोरच्या बचाव करणाऱ्यास चुकवावें, आणि गोलापुढें उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू उंच अथवा सपाट धाडावा. परंतु हें सर्व पूर्ण वेगांत असतांना साधावयाचें असतें. एका बाजूस रेघ असल्यामुळें निसटावयास अर्धीच जागा असते. आणि चेंडू हिरावला गेला तर तितक्याच वेगानें मागें परतून आपल्या बचावास मदत करावी लागते. शिवाय या गड्याच्या श्रमाचें फळ पुष्कळदां दुसऱ्याच्या नांवावर जमा होतें. चेंडू पुरवितो हा, आणि गोल लागतो मधल्याच्या पायानें. ज्यास केवळ टाळ्यांची हांव आहे, त्यानें ही जागा घेऊं नये.

आतां अनिकेतकडे वळूं. त्याचा जन्म १३ जुलै २००० रोजीं कोल्हापूर येथें झाला. वडील रिक्षा चालवीत. कोल्हापूर हें कुस्तीचें गांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथें फुटबॉलचेंही वेड पिढ्यानपिढ्या चालत आलें आहे, हें आमच्या इकडील वाचकांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. तेथील संघांचीं नांवेंच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. ज्या तालमींच्या तांबड्या मातींत मल्ल घडले, त्याच तालमींच्या नांवानें फुटबॉलचे संघ उतरतात, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला म्हणजे पेठापेठांतून माणसें लोटतात. ज्या गांवांत खेळाला असा मान असतो, तेथें गरिबाच्या मुलासही कोणी तरी पाहणारा भेटतो. अनिकेतच्या बाबतींत तसेंच झालें. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची वाट त्यास मिळाली, आणि पुढें पुण्यास येऊन तो शिस्तीनें शिकूं लागला. घरापासून दूर राहणें, पहाटेचा सराव, दिवसा शाळा, सायंकाळीं पुन्हां सराव, असें हें आयुष्य असतें. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे खेळाची वसतिशाळाच होय. तेथें मौजेपेक्षां वेळापत्रक अधिक असतें, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

इ. स. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक-स्पर्धा भारतांत भरली. यजमान म्हणून भारताच्या संघास तींत स्थान मिळालें, आणि फिफाच्या विश्वचषक-स्पर्धेत भारतीय संघ प्रत्यक्ष खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. साऱ्या देशांतून अवघे एकवीस मुलगे निवडले गेले. त्यांत अनिकेत होता. दिल्लीस ६ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेनें भारतास तीन गोलांनीं हरविलें. ९ ऑक्टोबर रोजीं कोलंबियानें दोनास एक असें, आणि १२ ऑक्टोबर रोजीं घानानें चार गोलांनीं. म्हणजे तिन्ही सामने हरले. परंतु पराजयांतही पदवी असते. आपण जगाच्या किती मागें आहों हें ज्यास मोजून कळलें, त्याचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

त्याच मुलांतून 'इंडियन ॲरोज' हा तरुणांचा संघ उभारण्यांत आला आणि आय-लीग स्पर्धेत मोठ्या वयाच्या, पगारी खेळाडूंसमोर त्यास उतरविण्यांत आलें. २९ नोव्हेंबर २०१७ रोजीं गोव्यांत झालेल्या पहिल्याच सामन्यांत या पोरांनीं चेन्नई सिटी संघास तीन गोलांनीं हरविलें, आणि त्यांपैकीं दोन गोल अनिकेतचे होते. दिल्लींतील तीन पराजयांस अद्याप दोन महिनेही झाले नव्हते.

यानंतरची हकीकत आम्ही मुद्दाम सांगतों, कारण ती सत्काराच्या भाषणांत सहसा सांगितली जात नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें वीस वर्षांखालील भारतीय संघ स्पेन देशांत वॅलेन्सियाकडील एका स्पर्धेत खेळावयास गेला. तेथें त्याची गांठ अर्जेंटिनाशीं पडली. या वयोगटाचा विश्वचषक अर्जेंटिनानें सहा वेळां जिंकलेला आहे. दीपक टांगरी यानें आरंभींच भारताचा पहिला गोल केला. मध्यंतरानंतर थोड्याच वेळानें मात्र पंचांनीं अनिकेतला लाल पत्र दाखविलें. लाल पत्र म्हणजे मैदानाबाहेर. आणि त्याच्या जागीं दुसरा गडी घेतां येत नाहीं. उरलेला सर्व वेळ भारताचे दहा गडी अर्जेंटिनाच्या अकरांशीं झुंजले, अन्वर अली यानें लांबून मारलेल्या फ्री-किकवर दुसरा गोल झाला, आणि सामना भारतानें दोनास एक असा जिंकला. संघाच्या इतिहासांत लिहून ठेवण्याजोगा तो दिवस. परंतु एका गड्यानें त्याचा शेवट रेघेबाहेरून पाहिला. दंड एकाचा असतो, भार दहांवर पडतो. वर्गांतील, घरांतील व गांवांतील व्यवहारासही हाच नियम लागू आहे.

अशी वेळ फक्त आमच्याच मुलावर आली असें नाहीं. फ्रान्सचा प्रख्यात कडेचा गडी फ्रँक रिबेरी याची गोष्ट पाहा. त्याचा जन्म १९८३ सालचा, बूलोन या समुद्रकांठच्या गांवचा. लहानपणीं मोटारीच्या अपघातांत चेहऱ्यावर झालेल्या जखमांचे व्रण आयुष्यभर राहिले. लिल येथील फुटबॉलच्या प्रशिक्षणशाळेनें त्यास कोवळ्या वयांतच घरीं पाठविलें. पुढें लहानसहान क्लबांत खेळत असतां पैशाची ओढाताण झाली, तेव्हां तो बापाबरोबर बांधकामावर मजुरीस गेला. तोच मुलगा २००६ सालीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत फ्रान्सकडून खेळला, आणि २००७ पासून २०१९ पर्यंत जर्मनींतील बायर्न म्युनिच क्लबाचा आधारस्तंभ होऊन राहिला. परंतु २०१० च्या एप्रिलांत लियों संघाविरुद्ध त्यास लाल पत्र मिळालें, आणि त्या बंदीमुळें युरोपांतील सर्वांत मोठ्या क्लब-स्पर्धेचा अंतिम सामना त्याच्यावांचून खेळावा लागला; बायर्न तो हरला. तीन वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याच रिबेरीनें त्याच क्लबाबरोबर तोच चषक उचलला. लाल पत्रानें एक दिवस जातो. मनुष्य त्यानंतर कसा वागतो, यावर पुढील वर्षें अवलंबून असतात.

अनिकेतनेंही खेळ टाकला नाहीं. इंग्लंडांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स या १८७५ सालीं स्थापन झालेल्या क्लबांत कांहीं काळ सराव करण्याची संधि त्यास मिळाली. हा क्लब २०१० सालीं पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या व्यवसायांतील मंडळींनीं विकत घेतला होता, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस मौजेची वाटेल. नंतर तो जमशेदपूरच्या संघांत गेला, व तेथून हैदराबादच्या. २०२१-२२ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम महामारीमुळें सबंध गोव्यांतच खेळविला गेला. त्या हंगामांत ईस्ट बंगालविरुद्ध हैदराबादनें चार गोलांनीं विजय मिळविला, त्यांतील एक गोल अनिकेतचा. २० मार्च २०२२ रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. केरळ ब्लास्टर्सशीं एकास एक अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल लागला. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी यानें तीन फटके अडविले, आणि चषक हैदराबादकडे गेला. रिक्षावाल्याचा मुलगा एकविसाव्या वर्षीं देशांतील विजेत्या संघाचा गडी झाला. पुढें तो ईस्ट बंगाल व ओडिशा या संघांकडूनही खेळला.

येथें पालकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. धंदेवाईक खेळाडू ही एक नोकरीच आहे, परंतु ती आपल्या ओळखीच्या नोकऱ्यांहून निराळी आहे. क्लब व खेळाडू यांच्यांत लेखी करार होतो, व तो ठराविक मुदतीचा असतो. मुदत संपली कीं पुन्हां नवा करार, नाहीं तर नवा क्लब. वर्षांतून दोन वेळां खेळाडूंच्या बदल्यांचा काळ असतो. तेव्हां मनुष्य आज एका प्रांतांत असला, तर उद्यां दुसऱ्या प्रांतांत, दुसऱ्या भाषेंत व दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखालीं असूं शकतो. पेन्शन नाहीं. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचा खेळ संपतो. आणि कडेच्या गड्याचा सारा जीव त्याच्या वेगांत असल्यामुळें एखाद्या गुडघ्याच्या दुखापतीनेंही त्याचें दुकान बंद होऊं शकतें. रिबेरीसारख्यासही २०२२ सालीं गुडघ्यानेंच घरीं बसविलें. आमचे मित्र शेती करतात. त्यांस हें सांगणें नको कीं ज्या पिकाला भाव चांगला मिळतो, त्याला जोखीमही मोठी असते.

मग मुलास खेळूं द्यावें कीं न द्यावें? आमचें मत स्पष्ट आहे. खेळूं द्यावें, परंतु दोन डोळे उघडे ठेवून. साऱ्या देशांतून एकवीस मुलगे निवडले गेले, याचा अर्थ हजारों निवडले गेले नाहींत असाही होतो. त्या हजारोंचें पुढें काय, हा प्रश्न प्रत्येक घरानें अगोदर विचारावा. शाळा सोडून मैदान धरलेला मुलगा विसाव्या वर्षीं मागें फिरला, तर त्याच्या हातीं मैदानही नसतें व दाखलाही नसतो. शाळा सांभाळून मैदानावर गेलेला मुलगा मागें फिरला, तर त्याचें शरीर, त्याची शिस्त आणि त्याचा दाखला हीं तिन्ही त्याच्यापाशीं राहतात. म्हणून शाळा आणि मैदान यांत वैर मानूं नये. उलट, ज्या बापानें सायंकाळचा एक तास मुलाला मोकळा दिला आणि रात्रीचा एक तास त्याला पुस्तकापाशीं बसविलें, त्यानें दोन्ही दारें उघडीं ठेविलीं. मुलींच्या बाबतींतही आमचें हेंच म्हणणें आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस दोन शब्द सांगून आम्ही हा लेख पुरा करतों. शिनोलीस शाहू स्टेडियम नाहीं, हें खरें. परंतु १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें जो भारतीय संघ फ्रान्सशीं खेळला, त्यांतील बहुतेक गडी अनवाणी होते, आणि तरीही फ्रान्सला दोनास एक यापेक्षां मोठा विजय मिळाला नाहीं. साधनें कमी असणें ही लाजेची गोष्ट नव्हे. ज्यास कडेचा गडी व्हावयाचें आहे, त्यानें आजपासून तीन गोष्टी कराव्या: दोन्ही पायांनीं चेंडू मारावयास शिकावें, चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभें न राहतां मागें धांवावें, आणि पंचाच्या निर्णयावर तोंड मिटून ठेवावें. यांपैकीं कोणत्याही गोष्टीस पैसा लागत नाहीं. आणि गोल सोबत्याच्या नांवावर लागला, तर त्याच्याकडे सर्वांच्या आधीं आनंदानें धांवत जावें. कारण तो चेंडू कोणी पुरविला, हें त्याला ठाऊक असतें.