खटक्याचा तपास

फोर बाय फोर गाडीच्या पोटातून अधूनमधून येणारा ‘ठक्’ गॅरेजवाल्यांच्या डोक्याला मोठा ताप असतो. मालक चालवतो तेव्हा आवाज हमखास येतो. गॅरेजच्या दारात शिरली की तीच गाडी पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखी गप्प! मालक छातीठोकपणे सांगतो, ‘पुढून, डाव्या बाजूने येतो.’ मुरलेला मेस्त्री मान डोलावतो, पण त्यावर विसंबत नाही. या गाड्यांची पोलादी चासी आवाज कुठल्या कुठे वाहून नेते. मागच्या पाट्याचा बुश खिळखिळा झाला तरी ठोका ड्रायव्हरच्या पायाखाली पडल्यासारखा वाटतो. म्हणून आवाज कुठून येतो, हे मेस्त्री नंतर विचारतो. आधी विचारतो, केव्हा येतो?

या गाडीची मांडणी महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. १९४७ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्रने विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि आजची थार नाशिकला तयार होते. रूप पार बदललं, पण मूळ रचना तीच राहिली. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस, तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे आणि दुसरा पुढच्याकडे. शाफ्टच्या टोकांना क्रॉस, कारण चाकं वरखाली होताना शाफ्टचा कोन बदलतो. शिवाय स्प्लाइनवर सरकणारा एक सांधा, कारण अंतरही बदलतं. मारुती जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून अलग बसवलेली असते, त्यामुळे तिथे शाफ्ट तीन.

यातल्या प्रत्येक जोडाला थोडी मोकळीक लागतेच. डिफरन्शियलमधल्या क्राउन आणि पिनियनच्या दात्यांत बारीक फट ठेवावी लागते; तेल राहायला आणि धातू तापून फुगायला जागा हवी. इंजिनपासून चाकापर्यंतच्या अशा सगळ्या फटींची बेरीज होते. अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की ती सगळी मोकळीक एका झटक्यात भरून निघते आणि खटका ऐकू येतो. थोडका खटका नव्या गाडीतही असतो. तो जन्मजात आहे की झिजेचा, हे मेस्त्रीला ठरवायचं असतं.

तपासाची सुरुवात मात्र साध्या गोष्टीपासून. जॅक, टॉमी, पाने आणि स्टेपनी घट्ट बसवून पाहायची. बरेच ‘गंभीर’ आवाज सीटखालच्या सैल जॅकचे निघतात. मग मालकाला शेजारी बसवून फेरी मारायची आणि प्रत्येक ठोक्यासोबत नेमकं काय घडत होतं ते टिपायचं. गिअर कुठला, पाय कशावर, वळण कुठल्या बाजूचं, गाडी भरलेली की रिकामी, सकाळची थंड की घाट चढून तापलेली. अधूनमधून येणाऱ्या आवाजाला बहुधा दोन-तीन अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. त्या सापडल्या की आवाज हुकमी काढता येतो, आणि निम्मं काम तिथेच होतं.

फक्त खड्ड्यात वाजत असेल तर बुश, शॅकल, बॉल जॉइंट, शॉक ॲब्सॉर्बर यांच्याकडे पाहायचं. ब्रेक मारताना आणि उचलताना दोन्ही वेळा धक्का बसत असेल तर पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का किंवा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल जागचा हलतो आहे का, ते बघायचं. एक चाक चरात आणि दुसरं बांधावर असतानाच वाजलं तर बॉडी आणि चासी यांमधले रबर तपासायचे. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये जोर लावतानाच ‘धप्’ झालं तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे त्याची रबरी बैठक, गेलेलं असू शकतं. इंजिन कलंडतं आणि सायलेन्सरचा पाइप चासीवर आपटतो. गाडी थांबता थांबता किंवा निघताना मागून एकच ठोका पडत असेल तर पुष्कळदा कोरडी पडलेली स्प्लाइन अडकून सुटत असते. तिथे ग्रीस गनच्या चार दाबांत प्रकरण मिटतं. पावसात बंद होणारा आवाजही बोलका असतो, कारण कोरडा रबर किंवा एकमेकांवर घासणारे पाटे ओले झाले की गप्प होतात.

आवाज सतत फिरणारा असेल तर आकडेमोड कामी येते. टायरचा व्यास सुमारे ७५ सेंटिमीटर धरला तर ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला अडीचपेक्षा किंचित कमी फेऱ्या मारतं. डिफरन्शियलचं प्रमाण चारास एक असेल तर शाफ्ट त्याच वेळात नऊ-साडेनऊ वेळा फिरतो. ठोके मोजता आले तर संशय चाकाकडे; मोजता येत नाहीत इतके भरभर असतील तर शाफ्टकडे.

यानंतर गाडीखाली शिरायचं, पण आधी चाकांना ठोकळे लावून. शाफ्टच्या क्रॉसच्या दोन्ही बाजू धरून उलटसुलट पिळायच्या. क्रॉस आणि त्याची वाटी यांत हाताला खेळ जाणवला की तो क्रॉस गेला. वाटीभोवती तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस संपून आतल्या सुईसारख्या बेअरिंगला गंज धरलेला असतो. नदीनाल्यांतून गाडी घालणाऱ्यांकडे हे नेहमी दिसतं. बोल्टाच्या डोक्याखाली घासून चकाकलेलं लोखंड, तडकलेला रंग, गंजाचा ओघळ या खुणाही कानापेक्षा जास्त भरवशाच्या.

तरी उलगडा होत नसेल तर पार्ट-टाइम फोर बाय फोरची एक सोय वापरता येते. पुढचा शाफ्ट उतरवून गाडी टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, फिरवायची. आवाज गेला तर शोध पुढच्या बाजूपुरता उरतो. उतरवण्याआधी दोन्ही टोकांवर खुणा करायला विसरायचं नाही. कोनात असलेला क्रॉस प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो चढउतार भरून काढतो. जोडताना त्यांची दिशा चुकली तर खटका जाऊन थरथर येते. दुसरी काळजी जिवाची. विलीजच्या जुन्या मांडणीत हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टलाच धरतो. मागचा शाफ्ट उतरवला की हँडब्रेक ओढूनही मागची चाकं मोकळीच!

एक ठोका मात्र बिघाडाचा नसतोच. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर असताना, दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात, कारण अशा गाडीत त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नसतं. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसल्याने पीळ साठत जातो आणि शेवटी एखादं चाक ‘धाड्’ करून सुटतं. चिखलातून वर येऊन फोर-एच काढायला विसरलेला मालक मग गिअरबॉक्स गेला म्हणून धावत येतो. लीव्हरही अडकलेला असतो. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ उतरतो आणि लीव्हर सुटतो.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तेवढंच वजन घेऊन गाडी न्यायची. त्याच अटींवर ठोका आला नाही तरच दोष सापडला म्हणायचा. तीन भाग एकदम बदलले की आवाज जातो, पण दोषी कोण ते कळत नाही आणि पैसे तिघांचे जातात. एकेक भाग वगळत जाणाऱ्या मेस्त्रीच्या बिलात कधी एखादा बुश असतो, कधी नुसतं ग्रीस, तर कधी सुटा भाग एकही नसतो, फक्त शोधण्याची मजुरी असते. मालकाने सर्वांत कमी कुरकुर करावी ती याच बिलावर.