मुदत हुकली तर मार्का हातचा जातो का?

कापडबाजारातील दुकानदार असोत, संगमनेरचे विडी कारखानदार असोत की बेकरी, अत्तर, मसाल्याचा लहान धंदा करणारे आपले बांधव असोत, मालावरचा मार्का नोंदवून घेण्याची जाण आता वाढली आहे. अर्ज मुंबईच्या ट्रेड मार्क रजिस्ट्रीत जातो, पावती मिळते आणि बहुतेक जण ती फायलीत ठेवून निश्चिंत होतात. कोणी हरकत घेतली की मात्र तारखांचे प्रकरण सुरू होते. त्यातील एखादी तारीख चुकली तर मुदतवाढ मिळते का, असा प्रश्न जिल्ह्यातील अनेक व्यापाऱ्यांना पडतो. म्हणून आज त्याबद्दल.

१९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम १३१ प्रमाणे रजिस्ट्रार मुदत वाढवून देऊ शकतात, अगदी मुदत संपून गेल्यावरही. त्यासाठी टीएम-एम या नमुन्यात अर्ज, फी आणि सबळ कारण लागते. पण अट अशी की, ती मुदत खुद्द कायद्यात लिहिलेली नसावी. कायद्याने घातलेली मुदत वाढवणे रजिस्ट्रारच्या हातात नाही. कोर्टात तारखेवर तारीख पडताना पाहिलेल्या आपल्या लोकांना हा फरक चटकन पटत नाही, आणि नुकसान तेथेच होते.

दुसऱ्याने आपल्यासारखाच मार्का मागितला असेल, तर त्याचा अर्ज जर्नलमध्ये छापून आल्यापासून ४ महिन्यांत विरोध नोंदवावा लागतो. पूर्वी ३ महिने असत आणि मागितल्यास आणखी १ महिना मिळे. ८ जुलै २०१३ पासून सरळ ४ महिने झाले, त्यापुढे वाढ नाही. जर्नल दर सोमवारी इंटरनेटवर निघते व पाहायला पैसे पडत नाहीत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे हे काम सोपवायला हरकत नाही.

आमच्या मते लहान व्यापाऱ्याला सर्वांत घातक ठरते ती दुसरी मुदत. समजा, संगमनेरच्या एखाद्या विडीवाल्याच्या अर्जाला मोठ्या कंपनीने विरोध केला. विरोधाची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत त्याने आपले प्रतिनिवेदन द्यायचे असते. ऑनलाइन भरल्यास त्याची फी २,७०० रुपये आहे. ते दिले नाही तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असे मानले जाते. विरोध खरा की खोटा, हे कोणी पाहतही नाही. आजारपण, लग्नकार्य, वकील गावाला गेले, यांतील एकही कारण येथे चालत नाही.

एक वाट मात्र उघडी आहे. मुदत मोजायची ती प्रत मिळाल्यापासून. रजिस्ट्री प्रत ई-मेलने पाठवते आणि पाठवली म्हणजे पोचली असे धरते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे धरण्यास नकार दिला व ई-मेल प्रत्यक्ष मिळाल्यापासूनच २ महिने धरावेत असे ठरवले. तरी अशा वादासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा अर्जावर एजंटाबरोबर आपलाही चालू ई-मेल आहे ना, हे आजच पाहून घेणे स्वस्त पडते. अर्ज बाद झाला तरी धंदा बंद पडत नाही. नवा अर्ज करता येतो, आधीपासून मार्का वापरत असल्याचा दावाही टिकतो. जाते ती पहिल्या अर्जाची तारीख.

त्यापुढे पुराव्याची पायरी. विरोध करणाऱ्याने प्रतिनिवेदन मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यायचा. २००२ च्या नियमांत येथे १ महिन्याची वाढ होती, २०१७ च्या नियमांनी ती काढून टाकली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही मुदत सक्तीची ठरवली. म्हणजे विरोध आपण केला असेल तर जुनी बिले, छापील लेबले, जाहिरातींची कात्रणे आधीच गोळा केलेली असावीत. सुनावणीच्या तारखेत थोडी सवलत आहे: किमान ३ दिवस आधी अर्ज करून दोनदाच तहकुबी मिळते, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त ३० दिवस.

सरसकट सूट मिळाली ती करोनाच्या काळात. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरू नये असा हुकूम दिला होता. ती सूट केव्हाच संपली आहे.

रजिस्ट्रारचा निकाल विरुद्ध गेला तर ३ महिन्यांत अपील करता येते. २०२१ मध्ये अपिलाचे वेगळे मंडळ बंद झाल्यापासून ते उच्च न्यायालयात चालते. येथे मात्र सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो.

आता कोर्टाच्या दाव्याचे. नकली मार्का वापरल्याचा दावा ३ लाख रुपये किंवा अधिक रकमेचा असेल तर तो व्यापारी दावा ठरतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. कोर्टाने कारणे नोंदवून व खर्च लावून परवानगी दिल्यास १२० दिवसांपर्यंत ती घेतली जाते. त्यानंतर कैफियतीचा हक्कच जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. समन्स १ जूनला हातात पडले तर पहिली मुदत १ जुलैला संपते, शेवटची २९ सप्टेंबरला. समन्स नगरच्याच कोर्टाचे असेल असेही नाही. कंपनी आपल्या मुख्य कचेरीच्या गावीही दावा लावू शकते. पाकीट कोणत्या दिवशी मिळाले ते त्यावरच लिहून ठेवावे आणि पाकिटासकट कागद वकिलाकडे न्यावेत.