मावळातले पोलादी सांधे

भोर घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली तो वाहतुकीस खुला झाला, तेव्हापासून आजतागायत त्याच्या बोगद्यांचे, दरीवरील पुलांचे आणि सदतीस फुटांस एक फूट अशा कठीण चढाचे वर्णन अनेकांनी केले आहे. परंतु कर्जतला जादा इंजिने लावून घेऊन खंडाळ्याची चढण चढणारी अवजड गाडी ज्या रुळांवर आपला सारा भार सोपवते, ते रूळ एकमेकांशी कसे जोडलेले असतात, आणि तो जोड भक्कम असल्याची हमी कोण, कशाच्या आधारावर देतो, या प्रश्नाकडे प्रवाशाचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः मावळचा आणि लोणावळा-खंडाळ्याचा गेल्या दीडशे वर्षांचा औद्योगिक इतिहास हा बऱ्याच अंशी धातूच्या सांध्यांचा इतिहास आहे. घाटातील रूळ, डोंगरावरून वीजघरात पाणी उतरवणारे नळ, तळेगावच्या परिसरात तयार होणाऱ्या मोटारी आणि यंत्रे, या सर्वांचा टिकाव सांध्यांवर अवलंबून आहे. आणि यांपैकी एकही सांधा नुसत्या डोळ्यांनी पाहून, तो आतून चांगला की वाईट, हे सांगता येत नाही. या एका अडचणीतूनच वेल्डिंग या कारागिरीचे शास्त्र झाले.

लोखंडाचे दोन तुकडे भट्टीत पांढरे होईतो तापवून घणाखाली एकजीव करण्याची विद्या आपल्या लोहारांना फार पूर्वीपासून अवगत होती. दिल्लीचा लोहस्तंभ अशाच रीतीने लोखंडाचे गोळे ठोकून, जोडून घडवलेला आहे. पुढे बाष्पयंत्रांच्या युगात वस्तू इतक्या प्रचंड झाल्या की त्या भट्टीत घालणे अशक्य झाले, आणि पत्र्यावर पत्रा चढवून तो रिवेटांनी जखडण्याचा शिरस्ता पडला. परंतु रिवेटासाठी भोके पाडली की जेथे ताकद हवी नेमकी तेथेच ती घटे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत या अडचणीवर एकामागून एक उपाय निघाले. रशियात बेनार्डोस याने कार्बनच्या कांडीतून विजेची ज्योत काढून धातू वितळवला, आणि स्लाव्ह्यानोव्ह याने त्या जागी धातूचीच कांडी वापरून ती सांध्यात वितळवून भरण्याची युक्ती काढली. अमेरिकेत एलिहू थॉमसन याने एकमेकांवर दाबून धरलेल्या तुकड्यांतून वीज खेळवून ते जोडले. जर्मनीत हान्स गोल्डश्मिट याने अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीपासून प्रचंड उष्णता मिळवली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने कांडीवर खनिजांचा लेप दिला, आणि या विद्येचा मोठा अडसर दूर झाला. कारण वितळलेले पोलाद हवेतील प्राणवायू व नत्रवायू शोषून ठिसूळ होते, आणि जळणाऱ्या लेपातून निघालेला वायू व वर जमणारी मळी त्याचे हवेपासून संरक्षण करतात. कामशेत किंवा वडगावच्या वर्कशॉपात वेल्डर टोकदार हातोडीने जी काळी खपली उडवतो, ती हीच मळी.

रुळांच्या कामी गोल्डश्मिटची रीत उपयोगास आली. पूर्वी दोन रुळांच्या टोकांना पट्ट्या लावून त्या बोल्टांनी आवळीत आणि मध्ये फट ठेवीत. त्या फटीवर प्रत्येक चाक आदळे, आणि रुळाची टोके झिजून शेवटी तडकत. गोल्डश्मिटच्या या थर्मिट पद्धतीत दोन टोकांमध्ये सुमारे २५ मिलिमीटर अंतर ठेवून त्याभोवती वाळूचा साचा बसवतात, टोके ज्वालेने लाल होईतो तापवतात, आणि वरच्या मुशीतील लोहभस्म व अ‍ॅल्युमिनियम यांचे मिश्रण पेटवतात. अ‍ॅल्युमिनियमची प्राणवायूविषयीची ओढ लोखंडाहून प्रबळ असल्यामुळे ते लोहभस्मातील प्राणवायू हिरावून घेते, काही सेकंदांतच सुमारे २,५०० अंश सेल्सिअस इतकी उष्णता उत्पन्न होते, आणि मुशीच्या तळाशी साचलेले द्रव पोलाद साच्यात ओतले जाऊन दोन रुळांचा एक रूळ होतो. लाल असतानाच वरचा वाढावा कापून काढणे, निवल्यावर घासून माथा समपातळीत आणणे आणि शेवटी ध्वनितरंगांनी आतील दोष शोधणे, ही सर्व कामे गँगमनांची टोळी मुकादमाच्या देखरेखीखाली, गाड्या थांबवून मिळालेल्या ठराविक मुदतीत, उन्हात किंवा ऐन मध्यरात्री पार पाडते. घाटात हे काम विशेष जोखमीचे आहे. कारण उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक रुळाला खालच्या दिशेने रेटतात, वळणावर चाके त्याला बाहेर ढकलतात, आणि तापमानाचा ताण याखेरीज निराळाच असतो. एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे ४६ सेंटिमीटरांनी लांबतो किंवा आखडतो. तो स्लीपर आणि खडी यांनी जखडून ठेवला, म्हणजे ही सारी ओढाताण पोलादाच्या अंगात, आणि म्हणून त्याच्या सांध्यांत, कोंडून राहते.

सांध्याचा याहूनही कपटी शत्रू मावळाला चांगलाच परिचित आहे. तो म्हणजे ओल. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या महिन्यांत भिंती, कपडे, धान्य काहीच कोरडे राहत नाही. वेल्डिंगच्या कांडीचा लेपही हवेतील ओल शोषून घेतो; ज्योतीच्या उष्णतेने त्या पाण्यातील हायड्रोजन मोकळा होतो, वितळलेल्या पोलादात मुरतो, आणि सांधा निवल्यावर धातूच्या कणांमधून हळूहळू सरकत जाऊन जेथे पोलाद कठीण झालेले असेल व ताण अधिक असेल तेथे साठतो. काम संपले, सांधा गुळगुळीत दिसला, कारागीर घरी गेला, आणि त्यानंतर कित्येक तासांनी आतल्या आत तडा गेला, असे या दोषाचे स्वरूप असल्यामुळे महत्त्वाच्या सांध्यांची अंतिम तपासणी ४८ तास उलटल्यावर करण्याचा प्रघात आहे. साध्या फाटकाच्या पोलादात कर्ब सुमारे पाव टक्का किंवा त्याहूनही कमी असतो, तर रुळाच्या पोलादात तो ०.६ ते ०.८ टक्के असतो. आणि जितका कर्ब अधिक तितके पोलाद झटकन निवताना अधिक कठीण व अधिक तडकणारे होते. म्हणूनच कांड्या भट्टीत ३०० अंशांच्या वर तापवून वाळवणे, सांध्याच्या कडा आधी तापवून घेणे आणि नंतर त्या सावकाश निवू देणे, हे नियम घालून दिलेले आहेत. कारण न समजलेल्या माणसाला हे नियम म्हणजे व्यर्थ कालहरण वाटते, आणि पावसाळ्याच्या घाईत तो प्रथम तेच टाळतो.

हे नियम सहजासहजी हाती आलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजे अल्पावधीत बांधली, ती रिवेटांऐवजी वेल्डिंगचा सर्रास अवलंब केल्यामुळेच. परंतु त्यांपैकी अनेक जहाजांना मोठे तडे गेले, आणि १६ जानेवारी १९४३ रोजी ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज तर पोर्टलंड येथे धक्क्याला, शांत पाण्यात उभे असताना दुभंगले. दोष केवळ वेल्डरांचा असेल असा प्रथम तर्क झाला. पण केंब्रिजच्या विदुषी कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की ते पोलाद थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. रिवेटांच्या जहाजात एका पत्र्यातील तडा त्या पत्र्याच्या काठाशी थांबे. वेल्डिंगने सारे जहाज अखंड झाल्यावर तड्याला थांबायला जागाच उरली नाही. सांध्याचा विचार हा केवळ सांध्याचा विचार नसून पोलाद, आकार आणि हवामान या सर्वांचा एकत्रित विचार आहे, हा बोध जगाला त्या दुर्घटनांनी दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, नौदलाची ‘शिवाजी’ ही संस्था लोणावळ्यात सुरू झाली. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर, जहाजांच्या यंत्रशाखेचे अधिकारी आणि नाविक आज कित्येक दशके तयार होत आहेत, आणि ज्या पोलादी कवचाच्या आत त्यांचे सारे आयुष्य जायचे, त्याच्या सांध्यांची जाण हा त्यांच्या विद्येचा अपरिहार्य भाग आहे.

नळांच्या बाबतीत हाच विचार निराळ्या अंगाने करावा लागतो. टाटांच्या जलविद्युत योजनेने वळवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघराला पुरवण्यास १९१५ साली आरंभ केला. सुमारे पाचशे मीटर खोल उतरलेल्या पाण्याचा दाब तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलोग्रॅम होतो. आणि गणित असे सांगते की गोल नळाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या शिवणीवर जितका ताण येतो, त्याच्या निम्माच ताण त्याच्या वेढ्याच्या शिवणीवर येतो. म्हणून दाबाचे नळ जेथे जेथे पत्रे वळवून, जोडून तयार होतात, तेथे लांबीची शिवण ही सर्वांत कडक परीक्षेला बसवली जाते. क्ष-किरणांनी तिचे छायाचित्र घेतात, ध्वनितरंगांनी तिचा ठाव घेतात, आणि शेवटी नळात नेहमीपेक्षा अधिक दाबाचे पाणी भरून तो तपासतात.

घाट चढून आपण तळेगावच्या बाजूला आलो, की सांध्याचे आणखी एक रूप दिसते. येथील जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले, आणि २०२३ साली ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. मालक बदलले तरी मोटारीचा सांगाडा जोडण्याची रीत थॉमसनने दाखवली तीच आहे. पातळ पत्रे तांब्याच्या दोन टोकांत चिमटून त्यांतून काही हजार अँपिअर वीज सेकंदाच्या अल्पांशात सोडली, की दोन पत्र्यांच्या मध्ये मसुराएवढा ठिपका वितळून गोठतो. आणि एका मोटारीत असे काही हजार ठिपके असतात. ते बहुतांशी यंत्रमानव घालतात, परंतु तांब्याची टोके झिजली की ठिपका कमजोर पडतो, आणि हे ध्यानात ठेवणारा, अधूनमधून एखादा सांधा छिन्नीने उचकटून पाहणारा जाणता माणूस तेथेही लागतोच. याच परिसरातील जेसीबीच्या कारखान्यात माती उपसणाऱ्या यंत्रांचे जाड भाग जोडले जातात, आणि तेथे प्रश्न वेगळा होतो. वितळलेला सांधा निवताना आखडतो, आणि ओले चामडे ढोलाच्या कडेवर वाळताना तिला जसे सर्व बाजूंनी ओढून धरते, तसा तो भोवतालच्या पत्र्याला ओढून धरतो. त्या कोंडलेल्या ताणावर पुढे कामाच्या वेळचे लक्षावधी हेलकावे पडले, म्हणजे सांध्याच्या कडेशी केसाएवढी चीर निघून ती वाढत जाते. कोणता सांधा आधी घालावा, कोणत्या क्रमाने घालावा, किती उष्णता द्यावी, यावरचे संशोधन मुख्यतः ही चीर टाळण्यासाठी आहे.

अशा संशोधनासाठी आपल्या देशात तिरुचिरापल्ली येथे १९७५ साली वेल्डिंगची स्वतंत्र संशोधन संस्था निघाली. लोहमार्गांच्या सांध्यांचे नियम लखनौची रेल्वे संशोधन संस्था ठरवते. आणि १९९१ साली केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत शोधलेल्या एका पद्धतीने तर धातू न वितळवता, फिरत्या दांड्याच्या घर्षणाने मऊ करून घुसळून जोडण्याची सोय झाली, जिचा उपयोग आज अ‍ॅल्युमिनियमच्या रेल्वे डब्यांसाठी आणि अग्निबाणांच्या टाक्यांसाठी होतो. परंतु कितीही साधने आली तरी आंतरराष्ट्रीय मानकांनी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे, ती अशी की, तयार झालेल्या सांध्याची तपासणी करून त्याच्या गुणाची पुरती खात्री देता येत नाही. ती खात्री काम चालू असतानाच, योग्य रीत, योग्य साहित्य आणि योग्य माणूस यांच्यायोगे सांध्यात घातली जावी लागते. म्हणजे प्रयोगशाळेतील संशोधनाची शेवटची पायरी वेल्डरच्या हातात आहे.

या माणसाची आपण किती कदर करतो? त्याच्या ज्योतीतील अतिनील किरणांनी डोळे रात्रभर वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. त्याच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने २०१७ साली कर्करोगकारक ठरवले. तरीही रस्त्यालगतच्या शेडमध्ये ग्रिल आणि फाटके जोडणारा तरुण पुष्कळदा धड मुखवटा न लावता, धूर खेचणाऱ्या पंख्याशिवाय राबताना दिसतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वर्षभराच्या अभ्यासक्रमात त्याला हात कसा चालवावा हे शिकवले जाते, पण कांडी का वाळवावी, कडा का तापवाव्या, हे कार्यकारण त्याच्यापर्यंत मराठीत क्वचितच पोचते. आणि कारखान्यात कामाच्या रीतीचा जो तक्ता त्याच्यासमोर टांगलेला असतो, तो बहुधा इंग्रजीत असतो. तळेगावला १९०८ साली लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभारला गेला, तेव्हा स्वदेशी मालाइतकाच स्वदेशी कारागीर शिकवून तयार करणे हा त्याचा हेतू होता. तो हेतू आज या तालुक्याने पोलादाच्या बाबतीत पुन्हा हाती घ्यावा, येथील कारखान्यांनी आणि प्रशिक्षण संस्थांनी मिळून वेल्डिंगचे शास्त्र सोप्या मराठीत लिहून काढावे, प्रत्येक कामाच्या तक्त्यावर नियमाशेजारी त्याचे कारणही छापावे, आणि मुखवटा व धुराची तजवीज नसलेल्या जागी ज्योत पेटवू देऊ नये. ज्याला कारण कळले तो पावसाळ्याच्या घाईतही कांडी वाळवील. आणि त्या सांध्यावरून जाणाऱ्या हजारो माणसांच्या सुरक्षिततेसाठी याहून खात्रीचा बंदोबस्त अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेने शोधलेला नाही.