पानाची पारख आणि हकिमाची हरकत

वाळलेलं तंबाखूचं पान हाताळायची वेळ ठरलेली असते. ऊन चढल्यावर हात लावला तर ते पापडासारखं मोडतं. म्हणून पहाटे, दव धरून ते मऊ पडलेलं असताना उलटायचं, उचलायचं आणि गठ्ठे बांधायचे. सातारा-सांगलीकडच्या कोरड्या थंडीत हे फार सांभाळावं लागतं. हवानाचे सिगार जपणारा शौकीनही याच दिवसांत धास्तावलेला असतो. त्याच्या लाकडी पेटीत हवेतला ओलावा ७० टक्क्यांच्या आसपास राहिला नाही, तर सिगारचं वरचं पान तडकतं. शेतकरी आणि शौकीन, दोघांची नजर ओलाव्यावरच. या साम्यापायी मी वर्षानुवर्षं पानांच्या मागे लागलो आहे. वखारीत नाक खुपसून उभा राहिलो आहे आणि जुन्या बखरी-प्रवासवर्णनांत धूर शोधत बसलो आहे.

सिगारची पारख कशी करतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. आत भरणीची पानं, त्यावर बांधणीचं पान, सर्वांत वर आवरणाचं पान, आणि तिन्ही तंबाखूचीच. जाणकार सिगारचे तीन भाग मानतो. पहिल्यात चव उघडते, मधल्यात भरते, शेवटच्यात तिखट होते. ओढ मोकळी आहे का, राख किती वेळ टिकते, हेही तो पाहतो. राखेची कीर्ती तर कथेतही गेली. १८८७च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्सने खुनी त्रिचनापल्लीचा सिगार ओढत होता हे राखेवरून ओळखलं.

आपल्याकडे हाताने वळलेल्या धुराची जात बिडीची. तिचं आवरण तंबाखूचं नसून टेंभुर्णीचं. त्या पानातून हवा फारशी जात नाही, म्हणून बिडी सारखी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते. आतल्या पानाची पारख मात्र सिगारइतकीच बारीक. पान जाड हवं, रंग पिवळ्याकडून तांबूसकडे झुकलेला हवा, अंगावर तपकिरी ठिपके उठलेले हवेत. व्यापारी चिमूटभर जर्दा तळहातावर चोळतो, वास घेतो आणि भाव सांगतो. कृष्णाकाठी एके काळी हे पीक होतं. आता तिथे ऊस आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली वसवलेल्या जयसिंगपूरच्या पेठेने हा व्यापार पाहिला, आणि दक्षिणेला निपाणीचं नाव तर तंबाखूशी जोडूनच घेतलं जातं.

पण हे पान या मुलखात आलं कधी, याचा माग काढताना मला असदबेग भेटला, आणि बाकीचा शोध मागे पडला.

असदबेग काझविनी हा अकबराच्या पदरचा माणूस. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी शहजादा दानियालला द्यायची ठरली होती. तिला घेऊन येण्याच्या कामी अकबराने त्याला दक्षिणेत पाठवलं. १६०४ साली पैठणला गोदावरीकाठी लग्न लागलं. पुढच्याच वर्षी दानियाल दारूपायी गेला. असदबेगाने या साऱ्या खटपटीची हकीकत फारसीत लिहून ठेवली. तिचा काही भाग एलियट आणि डाउसन यांच्या इतिहाससंग्रहाच्या सहाव्या खंडात १८७५ साली इंग्रजीत आला. हिंदुस्थानातल्या धूम्रपानाच्या सर्वांत जुन्या तपशीलवार वर्णनांपैकी एक त्यात आहे.

विजापुरात त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत अशी वस्तू त्याने पाहिली नव्हती. लक्षात घ्या, तेव्हा वाई, मिरज आणि साताऱ्याचा किल्ला आदिलशाहीतच होते. बादशहासमोर तंबाखू न्यायची, तर तिचा सरंजामही तसाच हवा. त्याने तीन हात लांबीची नळी मिळवली, सुमात्रातल्या अचिनची, सुरेख वाळवून रंगवलेली. दोन्ही टोकांना जडावकाम आणि मीनाकारी. तोंडाशी येमेनचा लंबगोल अकीक बसवला. पेटवायला सोन्याचं पात्र. आदिलशहाने दिलेल्या पानसुपारीच्या उंची बटव्यात त्याने अशी तंबाखू भरली की एक पान पेटलं तरी सगळी धुमसत राहावी. नळीसाठी चांदीचं नळकांडं केलं आणि त्यावर जांभळी मखमल चढवली. हे सगळं चांदीच्या तबकात मांडून त्याने आग्ऱ्याच्या दरबारात ठेवलं.

अकबराची नजर तबकावर गेली. हे काय, कुठून आणलं, असं त्याने विचारलं. उत्तर खान-इ-आझम मिर्झा अझीझ कोकाने दिलं: ही तंबाखू, मक्का-मदिनेत ओळखीची आहे, औषध म्हणून आणली आहे. कोका १५९३ मध्ये हजला गेला होता, त्यामुळे त्याला हे ठाऊक असणं साहजिक. बादशहाने चिलीम भरायला सांगितली. तेवढ्यात हकीम पुढे झाला आणि त्याने मना केलं. अकबराने असदबेगाचं मन राखायला दोन-तीन झुरके घेतले. हकीम कासावीस झाला. मग कोकाने झुरके घेतले. औषधं राखणाऱ्याला बोलावलं, तर त्याच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेखच नव्हता. फिरंगी वैद्यांनी मात्र हिची खूप स्तुती केली आहे, असं तो म्हणाला.

इथे खरं भांडण सुरू झालं. हकिमाचं म्हणणं असं की ही न पारखलेली वस्तू आहे, आपल्या जाणत्यांनी हिच्याविषयी काही लिहिलेलं नाही, मग फिरंग्यांच्या मागे जाऊन बादशहाने ती का घ्यावी? असदबेगाने उलट विचारलं की स्वतः पारखल्याशिवाय तू निकाल कसा देतोस? जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. चोपचिनीची मुळी पूर्वी माहीत नव्हती, आज कितीतरी रोगांवर चालते. अकबर खूष झाला. आपल्या ग्रंथांत नाही म्हणून परक्यांच्या शहाण्यांची गोष्ट टाकून द्यायची, तर पुढे जायचं कसं, असा सवाल त्याने केला. हकीम शेवटपर्यंत बधला नाही. तरीही तो चांगला हकीम होता, अशी कबुली असदबेग मोकळ्या मनाने देतो.

उरलेली तंबाखू उमरावांनी मागून नेली. व्यापारी विकू लागले. चाल झपाट्याने पसरली. अकबराने मात्र व्यसन लावून घेतलं नाही. १६१७ मध्ये जहांगिराने बंदीचा हुकूम काढला, तोही फार चालला नाही.

हा वाद मी पुन्हा पुन्हा वाचतो. बोलण्यात असदबेग जिंकला आणि पद्धत त्याचीच बरोबर होती: वस्तू पारखा, मग बोला. पण त्याच पद्धतीने निकाल लागला तो हकिमाच्या बाजूने. डॉल आणि हिल या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा आणि धूम्रपानाचा संबंध १९५० साली मांडला. त्या दरबारापासून साडेतीन शतकं उलटत आली होती. सिगारवर किंवा पानावर प्रेमाने लिहिणाऱ्याने हे लिहिलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. असदबेगाला नळी अचिनची हे ठाऊक आहे, अकीक येमेनचा हे ठाऊक आहे, बटवा कुणी दिला हेही ठाऊक आहे. तंबाखू कुठल्या शिवारातली, कुणी खुडली, कुणी वाळवली, यावर तो एक शब्द लिहीत नाही. ती उणीव आपण आजपर्यंत चालवली आहे. क्यूबाच्या सिगारपेटीच्या तळाला कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि पेटी भरल्याचा महिना-साल असतो. तिथल्या कारखान्यांत १८६५पासून वळणाऱ्या कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक बसतो. मोंटेक्रिस्टो हे सिगारचं नावही अशा वाचनातल्या द्यूमाच्या कादंबरीवरून आलं. बिडीच्या कट्ट्यावर मात्र मालकाची छाप असते, पानाचं गाव नसतं.

आपल्या कायद्याने दोघांना १९६६ साली एकत्र आणलं, बिडी आणि सिगार कामगारांसाठी एकच अधिनियम. पण पिकवणारा आणि राबणारी यांची नावं पुढे आली ती भांडल्यावरच. साताऱ्यावरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीजवळ तंबाखूच्या शेतकऱ्यांनी अडवला. शरद जोशींच्या नेतृत्वाखालच्या या आंदोलनावर ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मेले. पुढच्याच वर्षी ‘युगांतर’ या चित्रपटगटाने ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. निपाणीच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी संघटना कशी बांधली, हे त्यात त्या स्वतः सांगतात. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या या बायकांना पानाची जी ओळख आहे, ती कुठल्याही पारखीच्या टिपणात मला मिळालेली नाही.

म्हणून या थंडीत कुणी सिगार शेजारी शेजारी ठेवून चवी जोखत असेल, तर त्याने आपल्याकडच्या पानालाही तेच प्रश्न विचारावेत: माती कुठली, हंगाम कुठला, हात कुणाचे? २०१६पासून पुड्याच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापावा लागतो. म्हणजे हकिमाची हरकत आज कायद्याने प्रत्येक कट्ट्यावर आहे, आणि ती असलीच पाहिजे. उरलेल्या १५ टक्क्यांत पान पिकलेल्या गावाचं आणि बिडी वळलेल्या वस्तीचं नाव सहज बसेल. असदबेगाने जे विचारायचं राहून गेलं, ते आपण छापून घ्यावं.