दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आणि ग्रामीण दिनक्रम : सोनारीच्या संदर्भात

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या स्थानामुळे दूरवर परिचित आहे. ज्वारीचे रान, बेभरवशाचा पाऊस आणि अलीकडच्या काळात उसाबरोबर आलेला साखरकारखाना हे ह्या परिसराच्या अर्थजीवनाचे स्वरूप होय. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे शास्त्र सोनारीस एक व मुंबईस दुसरे असू शकत नाही, हे उघड आहे. तथापि ह्या रोगाचा उपचार केवळ औषधांनी होत नाही. तो रोग्याच्या ताटात, पाण्याच्या तांब्यात, कामाच्या वेळांत आणि प्रवासात शिरतो. म्हणूनच रोगी कोठे राहतो, हा प्रश्न येथे वैद्यकाच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतील काही नष्ट झाल्या की उरलेल्या अधिक काम करू लागतात व हानी झाकली जाते. रक्तातील क्रिअ‍ॅटिनीन ठळकपणे वाढते तेव्हा गाळणशक्ती बहुधा निम्म्याने ओसरलेली असते. क्रिअ‍ॅटिनीन स्नायूंतून निर्माण होते. त्यामुळे कृश शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत वरवर निर्दोष दिसणारा आकडाही फसवा ठरू शकतो. ह्यासाठी वय व लिंग विचारात घेऊन गाळणदर काढतात आणि लघवीतील प्रथिन तपासतात. गाळणदर मिनिटास ६० मिलिलिटरहून कमी, किंवा हानीचे अन्य चिन्ह, असे तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले तर विकार दीर्घकालीन समजला जातो. दर १५ च्या खाली गेला म्हणजे पाचवी व अखेरची अवस्था आली.

पहिल्या अवस्थांत रोग्यास दुखत नाही, खुपत नाही. आणि नेमक्या ह्याच काळात उपचारास सर्वाधिक यश येते. रक्तदाब व मधुमेह ह्यांवर नियंत्रण, लघवीतील प्रथिन कमी करणारी रक्तदाबाची विशिष्ट औषधे, आणि २०२० नंतर मधुमेह नसलेल्या रोग्यांतही उपयुक्त ठरलेले डॅपाग्लिफ्लोझिन ही त्याची साधने. ह्या शेवटच्या औषधाचा मुख्य एकस्वहक्क भारतात त्याच वर्षी संपल्याने ते बरेच स्वस्त झाले. मात्र उलट्या, जुलाब किंवा कडक उपवास असेल तेव्हा वैद्याच्या सल्ल्याने ते काही दिवस थांबवावे लागते. अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ह्या रोगात घातक होत. दिवसभर उन्हात ऊस तोडून, पाणी कमी पिऊन, रात्री अशी गोळी घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावर दुहेरी आघात होतो. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत मधुमेहावाचून आढळणाऱ्या मूत्रपिंडविकाराने उष्णता व निर्जलीकरण ह्यांकडे जगाचे लक्ष वेधले आहे. तेथील निष्कर्ष मराठवाड्यास जसाचा तसा लावणे शास्त्रीय नव्हे. पण फडात सावली, विश्रांती व पाणी पुरविण्यासाठी कोणत्याही निष्कर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आहाराविषयी जितका गोंधळ आहे तितका अन्य कशाविषयी क्वचितच असेल. मूतखड्याच्या रोग्यास भरपूर पाणी पिण्यास सांगतात, तोच सल्ला शेजारीपाजारी मूत्रपिंड निकामी झालेल्यासही देतात. अशक्तपणावर नारळपाणी देण्याची रीत तर सर्वमान्यच आहे. परंतु त्यातील पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची गती बिघडू शकते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ बहुधा पोटॅशियमयुक्त असते, म्हणजे येथे ते अधिकच धोक्याचे. ज्यांचे पोटॅशियम वाढलेले आहे त्यांनी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी व ते पाणी टाकून द्यावे.

अपोहनावर असलेल्या रोग्यास साधारणतः दिवसाच्या लघवीइतके अधिक अर्धा लिटर एवढेच द्रव घेता येते. वैशाखातल्या उन्हात हा नियम पाळणे किती कठीण, हे सांगावयास नको. पण तहान मुख्यतः मिठाने वाढते. पाण्यावर पहारा ठेवून ताटात लोणचे, पापड व खारट चटणी वाढणे हा रोग्याचा छळ होय. आधी मीठ उतरवावे, म्हणजे पाणी पुष्कळसे आपोआप उतरते. प्रथिनांचा नियम तर मध्येच उलटतो. अपोहनापूर्वी ५० किलो वजनाच्या रोग्यास दिवसाला सुमारे ४० ग्रॅम प्रथिन पुरते. अपोहन सुरू झाल्यावर काही प्रथिनांश वाहून जात असल्याने ५० ते ६० ग्रॅम लागते. जुन्या सल्ल्यास चिकटून केवळ भाकरी व पातळ कालवणावर राहणारा रोगी अशा वेळी झपाट्याने खंगतो. अंड्याचा पांढरा भाग हा त्यावरचा सोपा उपाय. घरच्या रीतीत तो बसतो की नाही, हे विचारण्याचे काम वैद्याने टाळू नये.

मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करते. यंत्राद्वारे रक्ताचे अपोहन सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, म्हणजे एकूण १२ तास होते. सोनारीहून बार्शी, धाराशिव किंवा सोलापूर गाठून परत येणे धरता प्रत्येक खेपेस जवळजवळ अख्खा दिवस जातो. अशा खेपा वर्षास १५६. सोबत घरचे एक माणूस असले तर ३१२ मनुष्यदिवस झाले. २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या नावाने चालणारी राज्याची आरोग्ययोजना आणि २०१६ चा राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम ह्यांमुळे उपचाराच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला. बुडालेल्या मजुरीचा झालेला नाही. सुगीत, लग्नसराईत वा यात्रेच्या दिवसांत एखादी खेप चुकते ती बेफिकिरीने नव्हे, ह्या हिशेबाने. पण दोन अपोहनांतील अंतर वाढले की मृत्यूचा धोकाही वाढतो.

ह्यास पर्याय पर्युदरीय अपोहनाचा. पोटात बसविलेल्या नळीतून दिवसाला साधारण चार वेळा सुमारे दोन लिटर द्रव भरावयाचा व काढावयाचा. हे काम घरीच होते आणि रुग्णालयाच्या फेऱ्या पुष्कळ कमी होतात. स्वच्छ कोपरा, हात धुण्याची शिस्त, पिशव्यांचा अखंड पुरवठा व शिकलेले एक माणूस एवढे मात्र हवे, अन्यथा पोटात जंतुसंसर्ग होतो. दूरच्या गावांस अधिक सोयीची हीच पद्धत असूनही भारतात ती फार थोड्यांच्या वाट्यास येते, हे आश्चर्यकारक आहे.

मूत्रपिंडारोपण हा सर्वांत चांगला उपाय. वेल्लोर येथे १९७१ मध्ये भारतात ते यशस्वी झाले व १९९४ च्या कायद्याने अवयवदानास चौकट मिळाली. आरोपणानंतरही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आरोपित मूत्रपिंड टिकेल तोवर रोज घ्यावी लागतात. भारतात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असतात. घरातील निर्णय कोण घेतो आणि शस्त्रक्रियेनंतर दात्रीस शेतकामापासून किती आठवडे विश्रांती मिळते, ह्या गोष्टींचीही वैद्यकीय नोंदीत चौकशी असावी.

ह्या सर्व पर्यायांची निवड रोगी धडधाकट दिसत असतानाच करावी लागते. यंत्राच्या अपोहनासाठी हाताच्या धमनी व शिरा जोडून केलेला मार्ग वापरण्याजोगा होण्यास किमान सहा ते आठ आठवडे, कित्येकदा त्याहून अधिक लागतात. म्हणून गाळणदर २० च्या आसपास येताच एक हात राखून ठेवावा. त्या हातावर सुई टोचू देऊ नये. मार्ग तयार झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्यावर जड ओझे घेऊ नये, आणि रोज बोटांनी त्यातील थरथर तपासावी. ती थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.