चार्ल्स कोरिया : उंची आणि अंगण

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांचे शिक्षण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ व एमआयटी येथे झाले. मुंबईतील त्यांची २८ मजली ‘कांचनजंगा’ ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. परंतु दुपारचे ऊन व पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांमध्ये व्हरांडा हा त्यावरील उपाय होता. कोरिया यांनी तोच दोन मजले उंचीच्या बागगच्चीच्या रूपाने उंच इमारतीत आणला.

याच वास्तुरचनाकाराने ठाणे जिल्ह्यातील बेलापूर येथे १९८० च्या दशकात सिडकोसाठी कमी उंचीची वसाहत रचली. सुमारे साडेपाच हेक्टरांत सुमारे ५५० कुटुंबांची सोय, सात घरांमागे एक सामाईक अंगण आणि प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र; जेणेकरून ऐपतीनुसार घर वाढविता यावे. दाट वस्तीसाठी उंची अपरिहार्य नाही, हे यातून स्पष्ट होते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत असताना, मजले किती यापूर्वी वारा कोठून येणार आणि मुलांचे अंगण कोठे राहणार, हे विचारणे अगत्याचे आहे.